अर्धं डोकं

नाही नाही, मान अशी मागे टाका, या खाचेत — हां, आता सैल सोडा — अहो घाबरताय काय, मी काही आल्यागेल्या सगळ्यांनाच मारत नाही. पाणी कोमट आहे ना? चटका बसला तर सांगा. बरं, मीच बोलते, माझं तोंड तसंही कधी बंद नसतं. तुम्हाला मी दारातच ओळखलं, वहिनी. 'केस कापायचेत' म्हणालात — सकाळी, दुकान उघडायच्या आधी, अर्ध्या शटरखालून वाकून आत येऊन — केस कापायला कोण असं येतं? आणि तुमचा फोटो मी पाहिलाय, तुमच्या मिस्टरांच्या फोनवर. दर महिन्याला नमुन्यांची बॅग घेऊन यायचे, या स्टुलावर बसायचे, आणि क्रीम-शाम्पूची टकळी संपली की फोन काढून दाखवायचे, ताई, ही आमची मंडळी. आम्ही दुकानातल्या सगळ्या त्यांना बुडबुडा म्हणायचो. रागावू नका, प्रेमाने म्हणायचो — तेव्हा प्रेमानेच. बोलायला लागले की फेसच फेस. तर मंडळींनी आज केस कापायचं मनावर घेतलंय. कापू. का आलात ते मला माहीत आहे, पण आधी कापू.

शाम्पू कुठला लावता? तोच ना, हिरव्या बाटलीतला? हाताला कळतं हो. ओले केस बोटांतून असे सुळकन निसटतात, बाई खूश, की काय मऊ झालेत! मऊ कसले, वर चिकट मुलामा चढलाय, आत केस होता तसाच. 'मुळापासून पोषण' — अहो, केस डोक्याबाहेर आला की मेला, नखासारखा. मेलेल्याला कोण जेवू घालतं? 'केसगळती अठ्ठ्याण्णव टक्के कमी' — कुणी मोजली? उशीवरचे केस वेचायला कंपनीचा माणूस आला होता का तुमच्या घरी? खाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात लिहिलेलं असतं, 'केस तुटून होणारी गळती', म्हणजे मुळापासून गळले तर त्यांचा संबंध नाही. आणि फोटो! आधीच्या फोटोत बाई रडवेली, केस विंचरलेले नाहीत, नंतरच्यात तीच बाई हसतेय — हसलं की केस दाट होतात? फेस जास्त आला म्हणजे केस जास्त स्वच्छ झाले असं तुम्हाला वाटतं, सगळ्यांनाच वाटतं, पण फेस डोळ्यांसाठी असतो, डोक्यासाठी नाही. मी तोंडावर सांगते म्हणून मला या गल्लीत कात्री म्हणतात. मला आवडतं ते नाव. उठा आता, हळू. या खुर्चीत बसा.

माझी पद्धत एकच, अर्धं डोकं. मधोमध भांग पाडायचा, एका अर्ध्याला एक, दुसऱ्या अर्ध्याला दुसरं. बाटल्यांना कागद गुंडाळलेला, वर नुसतं एक आणि दोन, कुठल्या नंबरात काय आहे ते मलासुद्धा ठाऊक नाही. बाई तीच, पाणी तेच, ऊन तेच, नवरा तोच — मग फरक पडला तर तो बाटलीचाच, होय की नाही? पंधरा दिवसांनी दोन्ही बाजूंना कंगवा घालून बघायचं, बोटं फिरवायची, कातडं बघायचं, आणि लिहायचं, डावीकडे हे, उजवीकडे हे. नुसत्या बोटांवर मी सांगायची. पन्नास बाटल्यांतल्या चार टिकायच्या, त्यांतल्या दोन सगळ्यांत स्वस्त. कंपन्या चिडायच्या आणि तरी माझ्याकडेच यायच्या, कारण कात्रीने पास केलं म्हटलं की शहरातली निम्मी दुकानं माल ठेवायची. तुमच्या मिस्टरांनी ते क्रीमही तसंच आणलं. केस सरळ करायचं. कुरळ्या केसांच्या बायकांनी वर्षानुवर्षं वाट पाहिली ते, म्हणे — 'जळजळ शून्य'. मी म्हटलं, शून्य? केस सरळ करायला त्याची हाडंच मोडावी लागतात, आणि ते न झोंबता? ठेवा इथे, बघते. एका बाटलीत जुनं, सगळे वापरतात ते, दुसरीत यांचं. कुरिअरच्या ऑफिसात फोन घेणारी एक बाई तयार झाली डोकं द्यायला. लावलं, क्रीमला पंधरा दिवस लागत नाहीत, दोन दिवसांनी बघितलं, लिहिलं, कागद तुमच्या मिस्टरांच्या हातात दिला. पुढच्या महिन्यात खोका आला बाजारात, त्याच्यावर छापलेलं, 'केशतज्ज्ञांनी पारखलेलं'. म्हणजे मी.

किती कापू? खांद्यापर्यंत? मान हलवून का होईना, सांगा. बरं. डावीकडून सुरू करते.

धाकटीला मी वाढवलंय. आई गेली तेव्हा ती सहा वर्षांची होती आणि मी पंधराची. तिचे केस म्हणजे झुडूप — रोज सकाळी माझ्या गुडघ्यांत डोकं धरून बसायची आणि किंचाळायची, आणि मी विंचरायची. ह्या हातांनी मी केस शिकले ते तिच्याच डोक्यावर. दोन वर्षांपूर्वी तिला मोठ्या हॉटेलात नोकरी लागली, काउंटरवर, पाहुण्यांचं स्वागत करायची. सोमवारपासून या म्हणाले, आणि केसांचं काहीतरी करून या. तिला क्रीमची भीती. शाळेत असताना मैत्रिणीची मान भाजलेली तिने बघितली होती. इथेच बसली होती, तुम्ही बसलाय त्या खुर्चीत. ताई, जळणार नाही ना? मी म्हटलं, मी स्वतः पारखलंय, तुझ्या केसाला धक्का लागायचा नाही. सगळ्या डोक्याला लावलं. पाच मिनिटांनी म्हणाली, झोंबतंय. मी म्हटलं, जरा सोस, नाटकं करू नकोस. सात मिनिटांनी हात वर न्यायला लागली, तर मी तिचे दोन्ही हात खाली दाबून धरले — हे मी कुणाला सांगितलेलं नाही — दाबून धरले, कारण मला ठाऊक होतं की हे जळत नाही. माझ्या बोटांनी सांगितलं होतं. अकरा मिनिटांनी धुतलं. टॉवेल लावला आणि उचलला तर टॉवेलला केस आले, आणि केसांबरोबर कातडं. कानापासून टाळूपर्यंत. ती ओरडलीसुद्धा नाही हो. माझ्याकडे बघत राहिली. तिथे आता केस येत नाहीत, येणार नाहीत, डॉक्टरांनी सांगितलंय. हॉटेलने एक दिवस वाट पाहिली. आता ती मागच्या गल्लीतल्या घरात असते, डोक्याला फडकं बांधून, खिडक्या लावून. जेवण मी नेऊन देते.

हलू नका. कात्री कानापाशी आहे.

आणि नऊ दिवसांनी तुमचे मिस्टर आले. हसत. बॅग खांद्याला. काय म्हणते ताई, आपलं क्रीम कसं खपतंय? अहो, त्यांना बिचाऱ्यांना काही माहीतच नव्हतं, हे मला आता कळतं. तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली. मी एका गिऱ्हाइकाचे केस वाळवत होते, हातात तो जुना ड्रायर, लोखंडी, आता पोलिसांकडे जमा आहे — तोच फिरवला. पहिला फटका कानावर. कसा आवाज आला सांगू? ओली फळी मोडल्यासारखा. ते स्टुलावरून खाली आले, बॅग फुटली, सगळ्या फरशीवर शाम्पू, आणि ते उठायला बघत होते नि घसरत होते, नि मी त्यांच्या केसांत हात घातला. दाट आहेत केस त्यांचे, धरायला बरे पडले. ओढत नेलं बेसिनपाशी, 'जळतं तुझं क्रीम, खोटं छापलंस' म्हणत, आणि डोकं आपटलं कडेवर. एकदा. दोनदा. मग वायर तुटेपर्यंत ड्रायरने. गिऱ्हाईक बायका दारातून बाहेर पळाल्या. मला कसं वाटत होतं विचारा — बरं वाटत होतं. प्रत्येक फटक्याला बरं वाटत होतं, दुखऱ्या दाढेवर जीभ दाबल्यावर वाटतं तसं. ते काहीतरी बडबडत होते, तोंडात रक्त, मी म्हटलं अजून बोलतोस, म्हणून मग तोंडावर. पुढचे दात गेले ते तेव्हा. उजव्या कानाने ऐकू येत नाही ना आता? डावा? असेल, डावा. मला समोरून उजवाच दिसला.

तर उद्या तारीख आहे, आणि तुम्हाला वाटतं मी उद्या जबाब बदलावा. हेच ना? मी पोलिसांना जे सांगितलं तेच न्यायाधीशांना सांगणार — मी कागदावर लिहिलं होतं की नवीन क्रीम जळतं, चक्क लिहिलं होतं, आणि या माणसाने माल खपावा म्हणून कागद बदलला. केसाने गळा कापला माझा आणि माझ्या बहिणीचा. मग कुठली बहीण हात बांधून उभी राहील? माझ्या वकीलबाई म्हणतात, एवढं सिद्ध झालं की तुम्ही सुटल्यात जमा, रागाच्या भरात झालं म्हणतील. आणि तुमचे मिस्टर आत जातील, कागद बदलला म्हणून. तीन वर्षं, चार वर्षं. आणि नाही सिद्ध झालं तर मी आत, माणूस अर्धमेला केला म्हणून. कंपनीने हात झटकलेत, मूळ कागद सापडत नाही म्हणतात, सापडला तर त्यांचंच दुकान बंद होईल. उरलं काय — माझा शब्द आणि तुमच्या मिस्टरांचा शब्द. आणि कात्रीचा शब्द या शहरात चालतो, वहिनी. काय? दुसरी प्रत? मी प्रत ठेवते असं कोण म्हणालं? ते म्हणाले? ते म्हणणारच. नव्हती प्रत. पुन्हा विचारू नका.

एक बाजू झाली, थांबा, समोरून बघू द्या, लांबी नीट कळत नाही अशी. खुर्ची फिरवते. वर बघा, माझ्याकडे. हं. चांगली बसलीये. ही उजवी बाजू झाली, आता डावी तेवढी — काय? हात का वर केलात? ही... कापलेली ती डावी? तुमची डावी. हो. बरोबर. तुमची डावी, माझी उजवी. त्यात काय एवढं, होतं असं. तुम्ही अशा काय बघताय? डावं-उजवं चुकत नाही का माणसाचं? आम्ही केसवाल्या बायका, आम्ही लोकांना पाठीमागून बघतो आणि आरशात बघतो. बावीस वर्षं मी माणसांची तोंडं आरशात बघितलीत, आणि आरशात काय असतं, मी मागे उभी, बाई पुढे, आरशात माझ्या डाव्या हाताला दिसते ती तिची डावीच. विचार करावाच लागत नाही. हाताला सवय. समोर येऊन सरळ बघितलं तर सगळं उलटं — पण समोरून कोण बघतं? कशाला बघेल? त्या एका दिवशी सोडून —

कुठला दिवस, काही नाही. कुठला नाही.

तुम्ही काही विचारलं नाहीत, मीच बोलतेय. बघू नका हो अशा. कंपनीची अट होती, बाईला तिचं डोकं दिसता कामा नये, नाहीतर ती मनाने सांगते, म्हणून आरशावर चादर टाकलेली. म्हणून खुर्ची फिरवली. म्हणून समोरून बघितलं. ती कुरिअरवाली बाई आपली बसलेली, आत्ता तुम्ही बसलाय तशी, आणि लाल झालं होतं ते माझ्या कात्रीच्या हाताला. कानामागे लालभडक, बारीक फोड. कात्रीचा हात म्हणजे उजवा. मी लिहिलं, उजवी बाजू भाजली, डावी स्वच्छ. आणि उजव्या बाजूला जुनं क्रीम होतं, भाजली होती ती तिची डावी, तुमच्या मिस्टरांच्या क्रीमची. झालं. एवढंच. शाई वाळायच्या आत कागद दिला. त्या बाईने एकदा म्हटलंसुद्धा, ताई, मला तर या कानाला झोंबतंय, फोन धरवत नाही, आणि बोटाने दाखवलं, आणि मी म्हटलं हो हो, लिहिलंय. लिहिलंय! पारख कुणाची? माझी. कंपन्यांच्या बाटल्यांवरची बारीक अक्षरं भिंग लावून वाचणारी मी, आणि माझं स्वतःचं मोठं अक्षर मी दुसऱ्यांदा वाचलं नाही.

तुमचे मिस्टर काय बडबडत होते माहीत आहे? फरशीवर पडून, तोंडात रक्त? 'ताई, तुम्हीच लिहिलंय. ताई, तुमचंच अक्षर आहे.' तेच तेच. म्हणून तर तोंडावर मारलं मी. ते बोलायचे थांबावेत म्हणून. तेव्हा कळलं होतं का मला? नाही, शपथेवर सांगते, तेव्हा नाही — का थोडंसं कळलं होतं? हात थांबला नाही एवढं खरं. पोलीस मला घेऊन गेले, सोडलं, सरळ इथे दुकानात आले, टॉवेलांच्या कपाटातून प्रत काढली. होती प्रत. मी नेहमी ठेवते. उभी राहिले, स्वतःच्या कानांना हात लावून बघितलं, हा डावा, हा उजवा, पहिलीतल्या पोरीसारखी. मग ब्रशांत अडकलेले केस गोळा केले आणि त्यांच्यासकट जाळली इथे बेसिनमध्ये. जळलेल्या केसांचा वास दोन दिवस गेला नाही. आता सांगा जाऊन. सांगा उद्या कोर्टात. कोण ऐकेल? आरोपीची बायको ती, म्हणतील, नवऱ्याला सोडवायला काहीही बोलेल. मी म्हणेन, केस कापायला आली होती, कापले, एवढंच.

काय म्हणालात? मोठ्याने बोला. तिला — तिला माहीत आहे का?

तिचं नाव काढू नका. तुम्हाला काय अधिकार तिचं नाव काढायचा? माहीत आहे का म्हणे! रोज सकाळी मी तिचं फडकं सोडते, मलम लावते, आणि ती म्हणते, ताई, सांग ना, कसं मारलंस त्याला. रोज. दोन वर्षं रोज. आणि मी सांगते. पहिल्यांदा तीन फटके होते, आता मोजदाद नाही, आता तो पाया पडतो, आता तो रडतो, माफी मागतो, आता मी त्याचं डोकं पाण्यात दाबते आणि विचारते, झोंबतंय का? ती ऐकते आणि डोळे मिटते आणि तेव्हा — फक्त तेव्हा — दोन घास जेवते. तुमच्या नवऱ्याला मी एकदा मारलं नाही, वहिनी, सातशे वेळा मारलंय. आणि तुम्ही म्हणता तिला सांग, की त्याने काही केलं नव्हतं. की तुझे हात दाबून धरले ते तुझ्या बहिणीने, आणि ज्या कागदाच्या भरवशावर धरले तो कागदही तिचाच. मग ती जेवेल कशावर? माझ्याकडे कशी बघेल? तिच्याजवळ दुसरं कोण आहे? तो माणूस चार वर्षं आत बसेल नि बाहेर येईल, त्याला तुम्ही आहात, वाट बघणाऱ्या. मला सरळ सांगा, तुम्ही काय केलं असतंत? सांगा!

रडू नका. इथे रडायचं नाही. आणि माझ्याकडे बघू नका, तिकडे, आरशात बघा. आरशात बघा म्हटलं ना! मी उद्या जाणार, हात वर करून शपथ घेणार, आणि माझ्या उजव्या हाताला जे दिसलं तेच सांगणार. ठरलंय ते. तू आलीस म्हणून काही बदलत नाही. ऊठ. नाही, झालं नाही, अर्धेच झालेत, दिसतंय मला. अर्धेच राहू देत. ही बाजू मी नाही कापत, ही बघ, कात्री ठेवली खाली. ऊठ म्हणते ना! फडकं ठेव तिथे. केस झटकू नकोस, पडू देत. पैसे नकोत मला तुझे. वाकून जा, शटर डोक्याला लागेल.